मुलाला रॅब्डोमायोसार्कोमा निघाला तर आईबापांनी काय करायचं

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘रॅब्डोमायोसार्कोमा’ असं लिहून आलं असेल, तर बाकीचं वाचण्याआधी एवढं ऐका. ह्या कॅन्सरवर इलाज आहे, आणि तो मूल पूर्ण बरं व्हावं म्हणूनच दिला जातो. आजार एकाच जागी असताना सापडला आणि ठरलेले सगळे उपचार पुरे झाले, तर चांगल्या केंद्रांमध्ये दहातली सातएक मुलं बरी होतात. डोळ्याच्या खोबणीतल्या गाठीत हे प्रमाण दहात नऊपर्यंत जातं. फुप्फुसात, हाडांत किंवा अस्थिमज्जेत पसरलेला असेल तर शक्यता बरीच कमी होते, पण तिथेही इलाज सुरू करतातच. १९७० च्या सुमारास ह्या आजारातून चारातलं जेमतेम एक मूल वाचायचं. तिथून इथवरची वाट औषधं, रेडिएशन आणि शस्त्रक्रिया एकत्र वापरल्यामुळे झाली आहे.

मी बार्शीत मेडिकल चालवते. माझ्या मुलाला साडेचाराव्या वर्षी उजव्या डोळ्यामागे हा कॅन्सर झाला, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार झाले, आणि आता तो चौथीत आहे. औषधांची नावं मला आधीपासून ठाऊक होती. पण वर्षभर आईबापांनी नेमकं काय काय सांभाळायचं असतं, हे मला वॉर्डातल्या सिस्टर आणि इतर आयांकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. ते सगळं एका जागी असावं म्हणून लिहिते आहे. कोणतं औषध, किती, कधी, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. तुमच्याकडे एकच काम आहे: ठरलेला इलाज मध्येच तुटू द्यायचा नाही. तो तुटतो तापामुळे, पैशामुळे, मुंबईत राहायला जागा नाही म्हणून, किंवा घरातल्या कुणीतरी वेगळंच सुचवलं म्हणून. ह्यातल्या प्रत्येकावर आधीच तोडगा करून ठेवता येतो.

गाठीला हात लावण्याआधी

पुढे ज्या पेशींचे स्नायू व्हायचे असतात, त्या पेशी बिघडून हा कॅन्सर होतो. लहान मुलांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये ह्याचा वाटा तीन-चार टक्के. म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरांनी अख्ख्या आयुष्यात एकही पाहिलेला नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तो कुठेही होऊ शकतो: डोळ्यामागे, नाकात-कानात, गालाच्या आत, मूत्राशयात, अंडकोशाच्या शेजारी, मुलींच्या योनीमार्गात, हातापायात. त्यामुळे सुरुवातीला तो दुसऱ्याच कशासारखा दिसतो. एका बाजूचं नाक सारखं चोंदून रक्त येतं. कान फुटल्यासारखा वाहतो. लघवी अडते. माझ्या मुलाच्या पापणीला सूज आली तेव्हा ती रांजणवाडी वाटत होती, थेंब सुरू झाले, आणि पंधरा-वीस दिवसांत डोळाच पुढे ढकलला गेला. आठवड्या-दोन आठवड्यांत वाढलेली, न दुखणारी, औषधाने न उतरणारी गाठ दिसली की सोनोग्राफीवर न थांबता एमआरआय करून घ्या.

आणि मग सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. “छोटी गाठ आहे, काढून टाकू, मग तपासायला पाठवू” असं कुणी म्हणालं तर हो म्हणू नका. नुसती गाठ म्हणून अंदाजाने काढली की तिच्या कडेने पेशी मागे राहतात, कुठवर आजार होता ते नंतर कळत नाही, आणि पुन्हा मोठी शस्त्रक्रिया किंवा जास्त रेडिएशन वाट्याला येतं. आधी एमआरआय, मग जाड सुईने किंवा छोट्या छेदातून बायोप्सी, आणि तीसुद्धा जिथे पुढचा इलाज होणार तिथेच. कारण सुई कुठून घालायची हेही पुढच्या शस्त्रक्रियेचा विचार करून ठरवायचं असतं. सोलापूरच्या ज्या नेत्रतज्ज्ञांनी आमचा एमआरआय पाहिला, ते म्हणाले, “मी इथे सुई लावणार नाही, उद्याच मुंबईला निघा.” त्या एका वाक्याचं मोल मला आजही मोजता येत नाही.

बाहेर बायोप्सी झालीच असेल तर नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नका. त्या लॅबमधून काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या. मोठ्या हॉस्पिटलात ते पुन्हा तपासतात. ह्या आजाराची ओळख डेस्मिन, मायोजेनिन, मायो-डी-वन ह्या रंगचाचण्यांवरून पक्की होते, आणि त्याच ब्लॉकमधून जनुकाची चाचणीही करता येते. ब्लॉक नसले तर मुलाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागू शकतं. एमआरआयची सीडी, सगळे मूळ कागद, मुलाचा जन्मदाखला, आधार आणि रेशनकार्ड एकाच फाईलमध्ये ठेवा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

पहिल्या भेटीत डोकं सुन्न असतं. प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरं तिथल्या तिथे उतरवून घ्या, नवऱ्याने ऐकायचं आणि बायकोने लिहायचं किंवा उलट.

प्रकार कोणता, एम्ब्रायोनल की ॲल्व्हिओलर? एम्ब्रायोनल सहसा लहान मुलांत, आणि इलाजाला जास्त दाद देणारा. ॲल्व्हिओलर थोड्या मोठ्या मुलांत, हातापायात जास्त, आणि हट्टी. पण आता नुसत्या सूक्ष्मदर्शकावर थांबत नाहीत. पॅक्स आणि फॉक्सओ-वन ही दोन जनुकं एकमेकांना जोडली गेली आहेत का, ते पाहतात. जोडणी असेल तर आजार जास्त आक्रमक समजतात. म्हणून दुसरा प्रश्न: फॉक्सओ-वनची चाचणी झाली का, काय आली?

तिसरा: जागा चांगल्या गटातली आहे का? डोळ्याची खोबण आणि अंडकोशाशेजारची जागा चांगल्यात मोडते. मूत्राशय, प्रोस्टेट, हातपाय, आणि मेंदूच्या आवरणाला लागून असलेल्या नाक-कानामागच्या जागा अवघड गटात. चौथा: गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का, आणि जवळच्या लसिकाग्रंथींत गेली आहे का? पाचवा: छातीचा सीटी, बोन मॅरो आणि पेट स्कॅन किंवा बोन स्कॅन झाल्यावर कुठे पसरल्याचं दिसलं का? ह्या सगळ्यावरून मुलाचा धोका कमी, मध्यम की जास्त ते ठरतं आणि त्यावरून औषधांचा आराखडा. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला वेगळी औषधं चालली असतील तर घाबरू नका. त्याची गाठ, जागा, गट सगळंच वेगळं असतं.

घराण्यात कमी वयात कॅन्सर झालेली माणसं असतील तर तेही सांगा. काही थोड्या घरांत टीपी-५३ सारख्या जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या येतो आणि तो कळला तर रेडिएशनचा विचार जपून केला जातो. बहुतेक मुलांत मात्र काहीच कारण सापडत नाही.

केमो

अमेरिकेकडच्या पद्धतीत व्हिन्क्रिस्टिन, ॲक्टिनोमायसिन-डी आणि सायक्लोफॉस्फमाइड ही तीन औषधं देतात. युरोपातल्या पद्धतीत सायक्लोफॉस्फमाइडच्या जागी आयफॉस्फमाइड असतं. मोठा डोस दर तीन आठवड्यांनी, आणि सुरुवातीचे काही महिने व्हिन्क्रिस्टिन दर आठवड्याला. धोक्याच्या गटाप्रमाणे सहा महिने ते वर्षभर हे चालतं. गाठ दिसेनाशी होते तेव्हाही औषधं चालूच राहतात. सगळ्यांत जास्त माणसं इथेच चुकतात: दोन महिन्यांत डोळा जागेवर येतो, पोरगं खेळायला लागतं, आणि आजोबा म्हणतात, “बरा झाला की, आता कशाला छळता?” एमआरआयवर न दिसणाऱ्या पेशी संपवण्यासाठीच पुढचे महिने असतात. हे आजोबांना पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा.

धोका जास्त असलेल्या काही मुलांना शेवटी आणखी सहा महिने सौम्य औषधं देतात, व्हिनोरेल्बिनची इंजेक्शनं आणि रोज सायक्लोफॉस्फमाइडची थोडी मात्रा तोंडाने. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, अशा मुलांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेलं. तुमच्या मुलाला हे लागू आहे का, विचारा.

पोर्ट किंवा पिक लाइन (मोठ्या शिरेत महिनोन्‌महिने ठेवायची नळी) घ्यायला सांगितलं तर घ्या. व्हिन्क्रिस्टिन आणि ॲक्टिनोमायसिन शिरेबाहेर गळली तर आजूबाजूचं मांस जाळतात. हातावरच्या शिरेतून देत असतील आणि मूल “चुरचुरतंय” म्हणालं, तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारा. ‘थोडं सहन कर’ हे वाक्य तिथे वापरायचं नाही.

सायक्लोफॉस्फमाइड किंवा आयफॉस्फमाइडच्या दिवशी भरपूर पाणी, आणि रात्रीसुद्धा उठवून लघवी. ह्या औषधांचा कचरा मूत्राशयात साठून राहिला तर आतून रक्त येतं. त्यासाठीच मेस्ना हे संरक्षक औषध देतात. लघवी गुलाबी दिसली तर लगेच सांगा. केमोनंतर दोन दिवस मुलाची लघवी, उलटी, डायपर हातमोजे घालून आवरा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला हे काम देऊ नका.

व्हिन्क्रिस्टिनचे त्रास वेगळे असतात आणि त्यांची कल्पना आधीच असलेली बरी. पहिल्या डोसनंतर जबडा दुखतो. शौचाला घट्ट होतं, इतकं की पोट फुगतं. काही आठवड्यांनी मूल चालताना पाऊल आपटतं, चपला निसटतात, जिना चढताना अडखळतं. पापणी जड होऊ शकते. हे बहुधा हळूहळू भरून येतं, पण डॉक्टरांना दर भेटीत सांगा, म्हणजे डोस आणि फिजिओथेरपी दोन्ही बघता येतात. बद्धकोष्ठासाठी लॅक्टुलोज सुरुवातीपासून चालू ठेवावं लागतं. एनिमा किंवा गुदद्वारातून कुठलंही औषध मात्र घरी द्यायचं नाही. तिथल्या बारीकशा जखमेतूनही जंतू रक्तात जातात.

माझ्या काउंटरवरून एक गोष्ट आवर्जून सांगते. व्हिन्क्रिस्टिन चालू असताना इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे ॲन्टिबायोटिक गावातल्या दवाखान्यातून परस्पर घेऊ नका. त्यांच्यामुळे व्हिन्क्रिस्टिन शरीरात जास्त वेळ राहतं आणि मज्जातंतूंवरचा त्रास वाढतो. तापावर सर्रास दिलं जाणारं मेफ्टाल आणि आयबुप्रोफेनही नको, प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव होऊ शकतो. कुठलाही नवा कागद आला की तो कॅन्सरच्या डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवा, मगच औषध विकत घ्या.

ताप

सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप आला तर ती तातडीची वेळ आहे, रात्रीचे दोन वाजलेले असोत की दिवाळीचा पाडवा असो. तासाभरात शिरेतून ॲन्टिबायोटिक सुरू व्हायला हवं. ‘सकाळी बघू’ नाही. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप उतरतो का तेही बघायचं नाही, कारण ताप झाकला जातो आणि जंतू आत वाढत राहतात. ताप नसतानाही मूल गळून गेलं, हातपाय गार पडले, थंडी वाजून हुडहुडी भरली, तर तेही तितकंच गंभीर धरा.

घरात डिजिटल थर्मामीटर दोन ठेवा. काखेत लावा. हात लावून अंदाज करू नका.

रक्ताच्या रिपोर्टवरून ए.एन.सी., म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा आकडा, काढायला शिका, अवघड नाही. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणायचं आणि शंभराने भागायचं. समजा पांढऱ्या पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, तर ए.एन.सी. झाला २४०. पाचशेच्या खाली म्हणजे मुलाकडे जंतूंशी झुंजायला जवळजवळ काही नाही. लॅबचा रिपोर्ट हातात पडला की पहिल्यांदा हा आकडा काढून वहीत लिहायचा.

गावी परतण्याआधी मुंबईच्या डॉक्टरांकडून एक पत्र घ्या: आजाराचं नाव, शेवटचा केमो कधी, ताप आला तर कोणतं ॲन्टिबायोटिक किती द्यायचं. त्या पत्राच्या झेरॉक्स काढा. एक प्रत घेऊन जवळच्या, रात्री डॉक्टर आणि लॅब दोन्ही असलेल्या हॉस्पिटलात मूल चांगलं असतानाच जाऊन या. तिथल्या डॉक्टरांशी बोला, बालरोगतज्ज्ञ रात्री येतील का विचारा. आमच्या घरात बॅग भरून दाराशी असायची: पत्र, वही, मुलाचे कपडे, पाण्याची बाटली, फोनचा चार्जर, थोडे रोख पैसे. रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. पहिल्या तापाच्या रात्री आम्ही हॉस्पिटलात वीस मिनिटांत होतो.

पेशी वाढवायचं जी-सी-एस-एफ इंजेक्शन दिलं असेल तर ते दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवं. फ्रीजच्या दारात नाही, मधल्या खणात. फ्रीझरमध्ये कधीच नाही. प्रवासात थर्मासमध्ये बर्फाला टेकवून ठेवलं तर गोठून निकामी होतं, मध्ये टॉवेलची घडी हवी. इंजेक्शन हलवू नका. केमो संपल्यावर किमान चोवीस तासांनीच सुरू करतात.

कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाला आहे आणि तुमचं मूल त्याच्या जवळ गेलं होतं असं कळलं, तर पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. ह्यावरची बचावाची औषधं जितकी लवकर दिली तितकी उपयोगाची असतात. मुलाला इलाज चालू असताना जिवंत लसी द्यायच्या नाहीत. पल्स पोलिओच्या दिवशी घरातल्या धाकट्या भावंडाला थेंब पाजण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्याऐवजी इंजेक्शनची लस मिळते. सेप्ट्रान आठवड्यातून ठरलेल्या दिवशी लिहून दिलेलं असतं, ते एका विशिष्ट न्यूमोनियापासून वाचवतं. मूल ठणठणीत दिसतं म्हणून ते बंद करू नका.

रक्त आणि प्लेटलेट लागणारच. गावाकडच्या, ऑफिसातल्या, शाळेतल्या ओळखीच्या दात्यांची यादी त्यांच्या रक्तगटासह आधीच करून ठेवा.

खाणं

पोरगं खात नाही ह्या एका गोष्टीने आई जितकी खचते तितकी दुसऱ्या कशाने नाही. केमोच्या आठवड्यात ताटाचा हट्ट सोडा. दर दोन तासांनी चार घास. मऊ भात आणि तूप, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, नाचणीचं सत्त्व, नीट उकडलेलं अंडं, राजगिऱ्याचा लाडू. माझा मुलगा महिनाभर फक्त शेंगदाण्याची चटणी आणि भात खात होता. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, “चालू द्या, तिखट तेवढं काढा.” शेंगदाण्यात प्रथिनं आहेत, तेल आहे, आणि वजन टिकलं हे महत्त्वाचं.

पाणी उकळलेलं. फळं जाड सालीची आणि घरी सोललेली: केळं, संत्रं, मोसंबी. बाहेरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, भेळ, कच्ची कोशिंबीर, शिळं अन्न नको. दह्याबद्दल प्रत्येक हॉस्पिटलचं मत वेगळं असतं, आपल्या डॉक्टरांचं ऐका.

तोंड आलं की मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून चार-पाचदा गुळण्या, मऊ ब्रश, गार दूध. गिळताच येत नसेल तर नाकातून नळी घालून दूध-पेज देतात. नळी म्हणजे शेवट आला असं समजू नका. तिच्यामुळे कितीतरी मुलांचा पुढचा केमो वेळेवर झाला आहे.

गुळवेलीचा काढा, गोमूत्र, कुठल्यातरी बाबाचं भस्म, ‘कॅन्सरवरची’ पुडी. आणून देणारी माणसं वाईट नसतात, त्यांचाही जीव तुटत असतो. घ्या, आभार माना, आणि मुलाला देऊ नका. ॲक्टिनोमायसिनने यकृतावर आधीच ताण असतो. त्यात ह्या गोष्टींनी कावीळ झाली, तर केमो थांबवावा लागतो, आणि काढ्यामुळे की औषधामुळे हेही सांगता येत नाही.

रेडिएशन आणि शस्त्रक्रिया

केमोच्या साधारण तीन-चार महिन्यांनंतर मूळ जागेचा बंदोबस्त करतात: शस्त्रक्रिया, रेडिएशन, किंवा दोन्ही. डोळ्यामागच्या गाठीसाठी पूर्वी डोळा काढत. आता बहुतेक मुलांचा डोळा राखून रेडिएशन देतात. सहसा रोज १.८ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप), आठवड्यातले पाच दिवस, एकूण ४५ ते ५०.४ ग्रे, म्हणजे पाच-सहा आठवडे मुंबईतच राहायचं. ह्याची सोय आधी लावा.

चेहऱ्याच्या मापाचा प्लॅस्टिकचा मास्क बनवतात, तो टेबलाला अडकवतात म्हणजे डोकं हलत नाही. लहान मूल शांत पडून राहत नाही म्हणून रोज भूल. भुलेआधी सहा तास घट्ट अन्न नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पहाटे उठवून काही भरवायचं की नाही ते आदल्या दिवशी नीट विचारून घ्या. मोठ्या मुलाला मास्क घरी आणता आला तर खेळायला द्या. माझ्या मुलाला भूल लागली, पण मास्क त्याने उशाशी ठेवून घेतला होता.

तिथल्या कातडीला तेल, हळद, पावडर, साबण काही नाही. रेडिएशन चालू असताना ॲक्टिनोमायसिन थांबवतात, आणि पुन्हा सुरू केल्यावर त्याच जागी लाली उमटू शकते, दिसली की सांगा. प्रोटॉन थेरपी हा रेडिएशनचाच एक प्रकार, त्यात गाठीच्या मागच्या भागाला कमी मार बसतो. टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात ती २०२३ पासून मिळते. प्रत्येक मुलाला ती लागतेच असं नाही, पण मेंदू-डोळ्याजवळची गाठ असेल तर विचारून घ्या. मुलीच्या ओटीपोटावर रेडिएशन असेल किंवा मुलगा वयात आलेला असेल, तर पुढे मूलबाळ होण्याबद्दल काय जपता येईल हा प्रश्न केमोच्या आधी विचारायचा असतो. लाजू नका.

पैसा आणि जागा

टाटामध्ये पहिल्याच आठवड्यात मेडिकल सोशल वर्करना भेटा. मुलांच्या विभागाला आधार देणारं इम्पॅक्ट फाउंडेशन तिथेच आहे. पैसे संपल्यावर नाही, संपण्याआधी भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, ते कागद बघून देतात. मुलाचं नाव रेशनकार्डात नसेल तर सगळं अडतं, म्हणून घरी मागे राहिलेल्या माणसाला आजच तहसीलला पाठवा. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान निधीचे अर्जही करता येतात.

राहायला: सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स बाहेरगावच्या कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांना फुकट खोली देतात, स्वयंपाकाची सोय असते. तिथे थेट जाऊन जागा मिळत नाही, हॉस्पिटलने नाव पाठवावं लागतं, म्हणून विचारायला उशीर करू नका. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही आपल्या माणसांना वर्षानुवर्षं आधार देणारी ठिकाणं. खोलीला खिडकी आहे का, जिना किती, आणि शेजारी खोकणारं कुणी आहे का, बघून घ्या. फुटपाथवर मूल ठेवून इलाज करू नका. शेवटी त्यातून ताप येतो आणि इलाज तुटतोच.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलच्या ठरलेल्या नमुन्यातलं पत्र लागतं. आम्ही लातूर-मुंबई एक्स्प्रेसने जायचो, खालचा बर्थ, मास्क लावून, स्वतःची चादर.

लोक आणि मूल

“ग्रहणात काही चिरलंस का?” असं कुणीतरी विचारणारच. नाही. तुम्ही केलेल्या कशानेही हा आजार झालेला नाही, आणि तो कुणाला लागत नाही. भावंडांना त्याच्याजवळ झोपू द्या, सर्दी-ताप नसेल तर.

मुलाला खरं सांगा, त्याला पेलेल एवढं. “डोळ्यामागे गाठ झाली आहे. ती तुझ्या चुकीने झाली नाही. औषधाने केस जातील, परत येतील. सुई दुखेल, मी तुझा हात धरीन.” दुखणार नाही असं कधी सांगू नका, एकदा खोटं पडलं की पुढच्या प्रत्येक सुईला तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. घरी राहिलेल्या मोठ्या बहिणीला रोज फोन करा आणि पहिली पाच मिनिटं फक्त तिची. माझ्या मुलीने सासूबाईंजवळ राहून ते वर्ष काढलं, आणि तिच्या शाळेच्या बाईंना मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं.

इलाज संपल्यावर

पहिली दोन-तीन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी, मग अंतर वाढत जातं. आजार उलटला तर बहुधा ह्याच काळात उलटतो, म्हणून तारीख चुकवू नका, मूल कितीही ठणठणीत असो.

डिस्चार्जच्या वेळी एक पानी सारांश मागून घ्या: प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, रेडिएशन कुठे आणि किती ग्रे, शस्त्रक्रिया कोणती. हा कागद लॅमिनेट करून ठेवा, त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये. आयफॉस्फमाइड झालं असेल तर मूत्रपिंडाची तपासणी, डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध झालं असेल तर हृदयाची, डोळ्याजवळ रेडिएशन झालं असेल तर मोतीबिंदूची, आणि त्या भागातल्या हाडांची वाढ. टाटामध्ये इलाज संपलेल्या मुलांसाठी ‘ॲक्ट’ क्लिनिक १९९१ पासून चालू आहे, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या ‘उगम’ गटात लहानपणी कॅन्सरमधून बरी झालेली मोठी मुलं-मुली भेटतात. तुमचा इलाज अजून चालू असेल तरी त्यांच्यातल्या एखाद्याशी मुलाची गाठ घालून द्या.

अर्धवट राहिलेल्या लसी इलाज संपल्यावर साधारण सहा महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, पुन्हा सुरू होतात. शाळेत वर्गशिक्षकांना लेखी द्या की कांजिण्या किंवा गोवर आलेलं मूल वर्गात असेल तर त्याच दिवशी कळवावं. डोळ्याच्या तपासणीची तारीख कॅन्सरच्या तारखेला जोडून घ्या, म्हणजे एका फेरीत दोन्ही होतं. आमची पुढची मार्चमध्ये आहे.